उतरू द्या, मग पाहू

सेवा केली की मनाला शांती मिळते असं जे सांगतात, त्यांच्या हातात कोणी आमच्या गावचा फोन दिलेला नसावा. तो माझ्या हातात आला त्या दिवसापासून मी शांत बसलेली नाही. मुळातच मी घाबरट. दारावर जोरात थाप पडली तरी माझ्या छातीत धस्स होतं. मुलगी लग्न होऊन गेल्यावर तर घरात भांडं पडलं तरी मी देवाचं नाव घ्यायची. आमचे हे दिवसभर दुकानात आणि संध्याकाळी ताटावर, दोन्हीकडे मुके. 'भाजी वाढ' आणि 'कुलूप लावलं का', एवढंच आमचं बोलणं उरलं होतं.

फोनची गोष्ट अशी. आमचं गाव नवेगाव बांधच्या बाजूला, आजूबाजूला पाच-सहा टोले, म्हणजे छोट्या वस्त्या. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत माणसं सकाळपासून चिखलात असतात आणि कोणाला काही झालं तर गाडी मिळेपर्यंत जीव टांगणीला. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी काही घरं गोळा केली, एक साधा फोन घेतला आणि त्याचा नंबर टोल्याटोल्यांच्या भिंतींवर गेरूने लिहून टाकला. फोन आठवडाभर एकेका घरी राहायचा. ज्याची पाळी त्याने तो उचलायचा, कुठे काय झालं ते वेळेसकट वहीत लिहायचं आणि गाडी पाठवायची. गाडी आमचीच, दुकानाचा माल आणायची पिकअप. म्हणून मलाही पाळीत घेतलं. मी नको नको म्हणत होते. गुरुजी म्हणाले, "तुम्हाला भ्यायचंच आहे ना? मग घरी बसून कशाला, लोकांच्या कामी भ्या." मी पाळी घेतली.

माझं माहेर गोंदिया शहरात, भर बाजारात. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की सगळी हिंदी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा इथली बोली आपल्याला येते असं मी धरून चालले होते. कोणी परीक्षा घेतली नव्हती, एवढंच.

त्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली होती. फोन वाजला. एका टोल्यावरचा माणूस होता, दम लागलेला.

"बाई, मावल्या बायकोले पान लागला जी."

"कुठे आहे ती?"

"बांधीत. रोवना करून राहिली होती. आता बसली खाली. चक्कर येऊन राहिली तिले."

रोवणाऱ्या बाया जेवण झालं की पानतंबाखू तोंडात धरतात, हे मी रोज बघते. माहेरी कोणाला कडक सुपारी लागली की असाच दरदरून घाम फुटायचा. माझ्या डोक्यात तेच बसलं. मी मोठ्या जाणतेपणाने म्हटलं, "घाबरू नका. सावलीत बसवा. उतरू द्या, मग पाहू."

"उतरवू?"

"हो हो, आधी उतरू द्या."

"बरं जी." त्याने फोन ठेवला. मी वहीत वेळ घातली, टोल्याचं नाव घातलं आणि लिहिलं : पान लागले, चक्कर, गाडी नको. पाण्याचा घोट घेतला. एक फोन न घाबरता निभावला म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

थोड्या वेळाने हे चहाला घरात आले. मी हसत हसत सांगितलं, "अहो, आता तंबाखू लागली तरी लोक फोन करायला लागले."

"तंबाखू म्हनला का?"

"नाही. पान लागलं म्हणाला."

कप यांच्या हातातच राहिला. "साप चावला तिले," हे म्हणाले. "त्याचा नाव नाई घेत आमच्याकडे, म्हनून पान म्हनते."

घड्याळात पाहिलं तर वीस मिनिटं होऊन गेली होती. मी तो नंबर लावला. नुसता वाजत राहिला. हे गाडीची चावी घेऊन निघालेसुद्धा आणि मी फोन-वही उचलून, पायात दोन वेगळ्या चपला घालून मागे धावले. रस्ताभर मी नंबर लावत होते. देवा, उचल, उचल. तोंडाने एवढंच.

धानाच्या बांधीवर पोचलो तेव्हा बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या होत्या आणि धुऱ्यावरच ठेवलेल्या शिदोरीच्या पिशवीत एक फोन वाजत होता. मीच लावलेला. माणसं गेली, फोन तिथेच राहिला.

"पुजाऱ्याकडे नेला ना तिले," एक बाई म्हणाली. "फोनवाल्या बाईनंच सांगतला म्हने, उतरवा म्हून."

उतरवणं म्हणजे विष उतरवणं. मंत्र म्हणत निंबाच्या डहाळीने झाडायचं. मी म्हटलं होतं उतरू द्या, त्याने ऐकलं उतरवा. आणि का ऐकू नये? ज्याच्या बायकोला साप चावला आहे, त्याने दुसरं काय ऐकावं? मला तिथेच चिखलात बसून घ्यावंसं वाटलं. यांनी दंडाला धरून मला गाडीत कोंबलं.

पुजाऱ्याच्या अंगणात ती खाटेवर पडली होती. पंचविशीची असेल. पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजलेला, आणि डोळे उघडे ठेवायचा ती जिवापाड प्रयत्न करत होती, पण पापण्या खाली येत होत्या. सासूने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हे म्हणाले, "दवाखान्यात चला, गाडी आनली." नवरा आडवा आला.

"आता काऊन नेता? तुमच्याच फोनवर उतरवा म्हनला. हलवला तं अजून चढते विष."

हे समजावत राहिले, तो हटेना. मी यांच्या पाठीमागे उभी होते. फोनवाली बाई कोण, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी गप्प राहिले असते तर कधीच कळलं नसतं, आणि खरं सांगते, क्षणभर मला गप्प राहावंसं वाटलं. त्या बाईच्या घशातून घरघर आली तेव्हा मी पुढे झाले. भीतीने मी नेहमी माहेरच्या भाषेत जाते, तशीच गेले. "मैं ही थी फोन पे," मी म्हटलं. "मीच. मले समजलाच नाई जी. मेरे को लगा तंबाखू. मी उतरवा म्हटलंच नव्हतं. माझी चूक आहे. मला मारा पाहिजे तर, पण हिला गाडीत घाला."

मग पुजाऱ्याने डहाळी खाली ठेवली. "तिनं सांगतलाच नाई म्हनते," तो नवऱ्याला म्हणाला, "तं घेऊन जा ना गा. वेळ काऊन करतेस?"

गाडीच्या मागे पोती अंथरली होती. तिचं डोकं सासूच्या मांडीवर, पाय माझ्या हातात, आणि नवरा फळीला धरून तिला हाका मारत होता. तेव्हा केबिनच्या मागच्या छोट्या खिडकीतून यांचा आवाज यायला लागला. "आता नाला आला. नीट धर. आता वळन. आता डांबर लागला, आता पराते गाडी. भिऊ नोको, मी आहो." वर्षभरात माझ्याशी बोलला नसेल एवढा हा माणूस त्या रस्त्यात बोलला. मी प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होते.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, किती वाजता चावला? फोन आल्याची नेमकी वेळ फक्त माझ्या वहीत होती. मी वही उघडून डॉक्टरांपुढे धरली. त्यांनी वेळ वाचली आणि खालचं 'गाडी नको'सुद्धा वाचलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. इंजेक्शनं सलाईनमधून सुरू झाली. श्वास अडकायला लागला तेव्हा नळी घातली आणि एक नर्स रबरी फुगा हाताने दाबत राहिली. मी आणि सासू बाकावर. मनात मी हजार वेळा तिचं प्रेत पाहिलं. दिवस कलायला आला तेव्हा नर्स बाहेर येऊन म्हणाली की पापणी हलली. सासू रडली नाही, मी रडले.

दुसऱ्या दिवशी हे दुकान अर्धं उघडून घरात आले आणि वही घेऊन माझ्यापुढे बसले. इथे कशाकशाचं नाव घेत नाहीत आणि त्याला काय म्हणतात, ते सगळं सांगून दोन पानं भरवून घेतली. वाघाला काय, पोटुशीला काय, घरात कोणी गेलं तर काय. सकाळ त्यात गेली. माझ्या लग्नातली ती सगळ्यात चांगली सकाळ, असं मी आमच्या मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली. पण माझं ठरलं होतं. फोन गुरुजींना परत. माझ्या हातून एक बाई मरता मरता राहिली होती.

तिसऱ्या दिवशी फोन पिशवीत टाकून आधी दवाखान्यात गेले. ती उशीला टेकून बसली होती, पेज पीत. मी सासूला सांगितलं की आता हे काम माझ्याच्याने होणार नाही, फोन दुसऱ्याला देते.

म्हातारीने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तू चुकली," ती म्हणाली, "ते मावल्या सुनेच्या जीवावर शिकली. आता दुसऱ्याले देशीन, तं तो कोनाच्या सुनेवर शिकन?"

सून पेज प्यायची थांबली होती. तेवढ्यात पिशवीत फोन वाजायला लागला आणि मी आत हात घातला.