एका म्हशीचं दूध

आमचे दूधवाले तात्या माणसांना म्हशींवरून ओळखत. कोणी भेटलं की शिक्षण, नोकरी, पगार यांपैकी काही न विचारता हा कोणत्या म्हशीच्या दुधावर वाढला, ते आधी आठवत. माझ्या लग्नात त्यांनी सासऱ्यांना माझी ओळख करून दिली ती अशी: "ह्यो आमच्या चंद्रीचा. चंद्रीचं दूध जरा पातळ, पन पोरं हुशार निगायची." सासरे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढे महिनाभर चंद्री कोण, हे बायकोकडून खोदून खोदून विचारून घेतलं.

तान्ह्या पोराला एकाच म्हशीचं दूध द्यायचं, हा तात्यांचा नियम. दहा म्हशींचं एकत्र केलेलं दूध पोराला सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टर काय म्हणतात याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ज्या घरी बाळ असेल त्या घराची किटली वेगळी, तिच्या गळ्यात रंगीत दोरा. ती म्हैस आटली की तात्या स्वतः त्या घरी जात, चप्पल बाहेर काढून बसत आणि सुतकाची बातमी सांगावी तशा आवाजात सांगत, "वहिनी, तुमची मोरी आटली. उद्यापास्नं सोनीचं आनतो. चालंल न्हवं?" आता यावर कोणती आई नाही म्हणेल?

तात्या मूळचे खटावकडचे. माझे वडील मार्केटात माथाडी होते, तेही तिकडचेच, त्यामुळे घरोबा. नेरूळजवळ शिरवणे गावाच्या मागच्या अंगाला एका स्थानिकाच्या जागेवर तात्यांचा पत्र्याचा गोठा होता. चारी बाजूंना इमारती उठल्या तरी मधे अकरा म्हशी रवंथ करत बसलेल्या असत. नव्याने राहायला आलेले लोक वासाची तक्रार घेऊन येत आणि जाताना रतीब लावून जात.

म्हैस आटली की तात्या तिला गावी पाठवत. शहरात भाकड जनावर पोसणं परवडत नाही, हे सगळ्याच गोठेवाल्यांचं गणित. काही जण ती सरळ खाटकाला देत. तात्या ती गावातल्या एखाद्या अल्पभूधारकाकडे अर्धलीने बांधत. म्हणजे वर्षभर त्याने सांभाळायची, आणि व्याली की निम्मी किंमत त्याला देऊन तात्यांनी परत आणायची. या व्यवहाराचा कागद कधी झाला नाही आणि भांडणही कधी ऐकलं नाही.

"जनावराला रविवार नसतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. कोणाच्याही लग्नात ते अक्षता टाकेपर्यंत थांबत आणि धारेची वेळ झाली म्हणून निघत. माझ्याही लग्नात जेवले नाहीत. डबा पाठवला तर त्यातली पुरणपोळी म्हशीला घातली, असं नंतर कळलं. तिला पहिल्यांदा पारडी झाली होती म्हणे.

मी पुढे बेलापूरला सरकारी कार्यालयात लागलो, नेरूळला फ्लॅट घेतला. कोणी तयार होत नाही म्हणून सोसायटीचा सेक्रेटरीही झालो. आमच्या सोसायटीत एकवीस घरांत तात्यांचं दूध येई. आणि मग करोना आला. कमिटीची बैठक फोनवर झाली. बाहेरचा कोणीही माणूस आत येणार नाही, अशी नोटीस काढायचं ठरलं. तिच्यावर सही माझी होती. दूधवाल्याचं काय, असं एकाही सभासदाने विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या गेटबाहेर किटल्या घेऊन उभे. मी मास्क लावून खाली गेलो आणि चार हातांवरून बोललो.

"तात्या, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. मग गेट उघडणार."

"पंधराच न्हवं?"

"पंधराच."

"मग काय टेन्शन न्हाई," असं म्हणून ते किटल्या सायकलला अडकवून गेले. मी सरकारी नोकरीतला. असले निर्णय बेलापुरातच होतात अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे माझा शब्द त्यांनी खरा धरला. मी तो बोललो तेव्हा मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

आसपासच्या सोसायट्यांनीही गेटं लावून घेतली होती. बाकीचे गोठेवाले शहाणे होते. चहाच्या टपऱ्या, हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद पडल्याबरोबर त्यांनी पेंड निम्म्यावर आणली, एक वेळची धार सोडली आणि म्हशी आटवून टाकल्या. तात्यांनी नेमकं उलटं केलं. गेट उघडल्यावर गिऱ्हाइकाला पातळ दूध जायला नको, म्हणून पेंड होती तेवढीच चालू ठेवली, कडबाही भरपूर घातला. पावसाळ्यासाठी रचून ठेवलेल्या गंजीलासुद्धा हात लावला. दूध तर दोन्ही वेळा निघत होतं. रबाळ्याच्या कारखान्यांत कामाला असलेली आणि शिरवण्यातल्या खोल्यांत अडकून पडलेली माणसं रोज भांडी घेऊन रांगेत उभी राहत. त्यांना ते दूध फुकट जाई. उरलेल्याचा खवा आटवायचा म्हटलं तर विकायचा कुठे?

पंधरा दिवसांचे तीस झाले, तिसाचे साठ. गंजी संपली. चाऱ्याची गाडी कधी येई, कधी नाही. एक दिवस तात्यांचा फोन आला. "लेका, जनावरं हंबरत्यात रं. पंधरा दिस कवा सरायचं ते तरी सांग."

एक व्यापारी गोठ्यावर येऊन गेला होता. अकराच्या अकरा उचलायला तयार होता. कुठे नेणार, हे तात्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तात्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि गावी बहिणीला फोन लावला. पण गावाची परिस्थिती निराळी नव्हती. "आमचंच दूध डेअरीवाला एका वक्ताचं घेतोय," अक्का म्हणाली, "तुजी अकरा तोंडं कुटं बांधू?" थोड्या वेळाने तिचाच परत फोन आला. गावात चौघापाच जणांनी कोबी केला होता. न्यायला गाडी येत नव्हती आणि माल रानातच सडायला लागला होता. "नांगर घालन्यापरास म्हशी तरी खातील," ती म्हणाली. "दे पाठवून."

जनावरं हलवायचा परवाना काढायला मी मदत केली. एवढ्या सगळ्यात त्यांच्यासाठी मी केलेलं काम हे एकच. अर्जात फक्त 'संख्या' असा रकाना होता. मी अकरा लिहिलं. तात्या म्हणाले, नावं लिही. मी वेगळ्या कागदावर अकरा नावं लिहून जोडली. तो कागद कोणी वाचला असेल असं वाटत नाही. दोन खेपांत म्हशी गेल्या. शेवटची गाडी वळल्यावर तात्यांनी शेणाची पाटी उचलली आणि रिकामा गोठा झाडायला घेतला. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. मला फार वाईट वाटलं, पण जवळ जायचं नाही असा नियम होता आणि तो मीच लोकांना सांगत फिरत होतो.

म्हशी जगल्या. पाच घरांच्या दावणीला त्यांनी कोबी खाल्ला, मका खाल्ला, पुढे पावसाचं गवत खाल्लं. डेअरी पुन्हा दोन्ही वेळचं घ्यायला लागली तशी त्या पाच घरांतून रोजचं दूध जायला लागलं.

सोसायटीचं गेट उघडलं तेव्हा नोटीस मीच काढून टाकली आणि तडक शिरवण्याला गेलो. तात्या जागा मालकाच्या ताब्यात द्यायला गावाहून आले होते. पत्रे उतरवून झाले होते.

"तात्या, गेट उघडलं. म्हशी कधी आणताय?"

"न्हाई आनत."

"का? अर्धलीचा हिशोब..."

"कसली अर्धली? घरात खायाला न्हवतं तवा त्यांनी माजी जनावरं जगिवली. आता दुधावर त्येंची चूल पेटाय लागलीया, तर दावं सोडून आनू? ज्येंनी जगिवल्या त्येंच्या झाल्या त्या."

"मग तुम्ही काय करणार?"

"अक्काकडं हाय की. धारा काढतो."

म्हणजे स्वतःच्याच म्हशींच्या धारा ते आता दुसऱ्यांच्या दावणीला काढत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, गेट मी बंद केलं. पंधरा दिवस मीच सांगितले. तुम्हाला माझा राग नाही आला?"

त्यांनी गमछाने तोंड पुसलं. "आला की. लई आला. पन तू भ्यालास, म्हनून केलंस. भ्या मलाबी वाटत हुतं, लेका. पन दारात अकरा जनावरं बांधलेली. भिऊन दार लावून घ्याया मला जमत न्हवतं."

नंतर ते एसटीला गेले. मी चालत नेरूळला आलो. वाटेत बायकोचा फोन आला, घरात दूध नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी दोन पिशव्या घेतल्या.