वरचे पाच खडू

मी शाळेत दुसरीपर्यंतच गेले. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं, त्यात लपवायचं काय? साखर डब्यात ओतली की कागद सरळ करायचा आणि वाचायचा. अशाच एका कागदावर जाहिरात सापडली: शाळांसाठी खडू हवेत, अर्ज अमरावतीच्या कचेरीत करावेत. मुदतीचे चार दिवस उरले होते.

तेव्हा आम्ही अकोल्याला होतो, साठ सालानंतरची गोष्ट. शेजारच्या मावशी घरी खडू करत. आधी त्या जिनात होत्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. तिथली रुई छातीत बसली, बोलता बोलता खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरांनी जीन सोडायला लावलं. मग नवरा-बायकोनं खडूचे साचे आणले. खडू चांगला, पण दुकानदार घेणार किती? चार-सहा खोकी. तेवढ्यावर घर कसं चालावं!

"दिवाळीपरेंत पाह्यतो," मावशी म्हणायच्या, "नाही तं जातो परत जिनात."

मी जाहिरात वाचून दाखवली.

"एवढी मोठी कचेरी मले कावून पुसन वं?"

"पुसन. अर्ज मी लिहितो."

अर्ज तीनदा लिहिला, तेव्हा कुठे ओळी सरळ आल्या. सोबत नमुन्याचं खोकं पाठवलं, शंभर खडूंचं. पसंत पडलं! साठ खोक्यांची मागणी आली. महिनाभर मावशींच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, नुसते खडू वाळत. मग सगळा माल एस.टी.च्या टपावर चढवून आम्ही दोघी अमरावतीला गेलो.

माल ताब्यात घेणाऱ्या बाबूंनी पहिलं खोकं उघडलं. तीन खडू तुटलेले. दुसऱ्यात चार. त्यांनी मोजले.

"हे एकशे पाच कसे?"

"वर पाच टाकले नं भाऊ, सगळ्याच खोक्यात!" मावशी खुशीत म्हणाल्या. "पयलंच मोठं गिऱ्हाईक."

आता यात त्यांचं काय चुकलं? कोथिंबीरवाली वर चार मिरच्या टाकते, संत्रीवाला शेकड्यावर पाच देतो. नेमके मोजून दिले तर गिऱ्हाईक तोंड पाडून जातं. खडू दाबून भरताना मी स्वतः पाहिलं होतं, आणि मलाही ते बरंच वाटलं होतं. पण खोकं शंभराच्या मापाचं. पाच जास्तीचे कोंबले, आणि बाकीचं काम रस्त्यानं केलं.

"नमुन्यात शंभर, इथं एकशे पाच, अन् त्यातही तुटके. माल परत न्या."

"परत?" मावशी एवढंच म्हणाल्या आणि उबळ आली. ती थांबेचना. बाबू उठले, स्वतः पाण्याचा गिलास घेऊन आले. मग हळूच म्हणाले, "साहेब चार वाजता तपासतीन. तवापरेंत वरांड्यात बसून काय करायचं ते करा. मी पाह्यलं नाही."

आम्ही बसलो. एकेक खोकं उघडायचं, तुटके काढायचे, शंभर ठेवायचे. वरचे पाच तुटलेल्यांच्या जागी कामी येऊ लागले. एखाद्या खोक्यात आठ तुटलेले निघत, एखाद्यात दोनच. याचे त्याला लावायचे. आमचे हात, लुगडी, नाकं, सगळं पांढरं.

चपराशी जाता जाता म्हणाला, "काय बाई, पावडर लावून राहिल्या का?"

"ये, तुलेबी लावून देतो!" मावशी म्हणाल्या. त्या हसल्या तसा माझाही जीव थाऱ्यावर आला.

चारच्या आत साठही खोकी पुरी झाली. साहेबांनी आपल्या हातानं पाच-सहा उघडली, एक खडू फळ्यावर चालवून पाहिला आणि सही केली. नऊ खडू धड उरले होते. मावशींनी ते बाबूंपुढे धरले.

"घ्या भाऊ, घरी लेकराइले."

बाबूंनी हात मागे घेतले. "नको मावशी, नोकरीवर येईन माह्या."

परतीच्या एस.टी.त मावशी ते नऊ खडू ओटीत घेऊन बसल्या. बडनेरा गेल्यावर म्हणाल्या, "एवढं मोठं गिऱ्हाईक, अन् वरचे पाच घेता येत नाही बिचाऱ्याले."

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू होऊन जिनाचा भोंगा वाजू लागला, तेव्हा मावशी अंगणात साच्यांना तेल लावत होत्या. दुसरी मागणी आली होती. या वेळी खोक्यात बरोबर शंभर. पण झाकण लावताना दर वेळी त्यांचा हात थांबायचा, आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "लयच कंजूस वाटते वं पोरी."