पडवीची पट्टी

माझं माहेर पेणचं आणि सासर रोह्याच्या अलीकडच्या एका गावातलं. नवरा धाटावला कंपनीत, शिफ्टची नोकरी. दोन्ही घरं एकाच जिल्ह्यात, पॅसेंजरमध्ये बसलं की कासू, नागोठणं मागं टाकत दुपारच्या आत पोचता येतं. तरी आई म्हणायची, "तुझा मुलूख वेगळा, माझा वेगळा." ती हे तांदळावरून, पाण्याच्या चवीवरून म्हणायची. घरपट्टीवरून ते खरं होईल असं दोघींनाही वाटलं नव्हतं.

वडील गेल्यावर आई पेणच्या घरात एकटी राहत होती. घर साधंच. दोन खोल्या, मागं न्हाणी आणि पुढं रस्त्याला लागून कौलारू पडवी. शेजारी गणपती करणारं कुटुंब. वैशाख लागला की त्यांच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसायची, मग शेजारी आपल्या फळ्या आणून आईच्या पडवीत लावायचा आणि त्यावर रंग न दिलेल्या मूर्ती वाळत ठेवायचा. आई त्या रांगांमधून अंग चोरून ये-जा करायची. मी कुरकुरले तर म्हणायची, "अगो, एवढे देव राखणीला. मला कुलूपसुद्धा लागत नाय."

अशाच एका उन्हाळ्यात पालिकेची फेरआकारणी निघाली. दोन माणसं टेप घेऊन आली, खोल्या मोजल्या, पडवी मोजली, फोटो काढले. गणपती कोणाचे, असं त्यांनी विचारलं तेव्हा आईनं कौतुकानं सगळं सांगितलं आणि वर चहा पाजला.

थंडीत नोटीस आली. घरपट्टी दुपटीच्या वर गेली होती. आईचा फोन आला तेव्हा आधी मला वाटलं, ती पडली वगैरे की काय, असा आवाज होता.

मी गेले. चष्मा लावून कागद वाचला. घर मुख्य रस्त्यालगतच्या भागात धरलं होतं आणि पडवी व्यापारी वापरात. आई समोर पाटावर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"तुझ्या घराला माडी हाय ना गो?"

"हो."

"मागं गोठा, पुढं अंगण. मग तुमची पट्टी किती?"

मी सांगितली. ती म्हणाली, "एकच राज्य, एकच जिल्हा, नि माझ्या दोन खोल्या तुझ्या माडीपेक्षा मोठ्या कशा झाल्या?"

मी तिला समजावू लागले. आमच्याकडं ग्रामपंचायत, इथं नगरपालिका. दोघांचे हिशेब निराळे. शहरातसुद्धा रस्त्याकाठी एक दर, आतल्या आळीत दुसरा. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मी कारण सांगत नव्हते, नुसती वस्तुस्थिती घोळवत होते. असं का, हे मलाही ठाऊक नव्हतं.

आम्ही हरकत नोंदवली आणि सुनावणीला गेलो. बाकावर माणसं बसली होती, प्रत्येकाच्या हातात आपापली नोटीस. आमचा नंबर आला तेव्हा टेबलामागचे साहेब उठून आईला खुर्ची देत म्हणाले, "बसा आजी." त्यांच्यावर राग धरायलाही जागा नव्हती.

"पडवीत गणपती ठेवता?"

"मी नाय, शेजारी ठेवतो. त्याला जागा नाय म्हणून."

"भाडं किती घेता?"

"भाडं कसलं हो? शेजारी तो. दर वर्षी आमचा गणपती तेवढा तो तसाच देतो. पैसे घेत नाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजी, मग तो मोबदलाच झाला ना."

आईला तो शब्द लागला. तिनं माझ्याकडं बघितलं, जणू मी काहीतरी बोलून तो शब्द परत घ्यायला लावीन. मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावात तर..." त्यांनी हात जोडले. "ताई, तुमचं गाव ग्रामपंचायतीत. तिथला नियम मी इथं लावू शकत नाही. गणपती ठेवणं बंद करा, वापर घरगुती करून देतो. पण रस्त्याकाठचा दर राहणार. आणि पडवी आहे तोवर ती मोजली जाणार."

त्या बोलण्यातलं शेवटचंच वाक्य आईनं घरी आणलं.

महिनाभरानं मी पेणला गेले तर रिक्षावाल्याला घर दाखवताना मीच चुकले. पडवी नव्हती. कौलं भिंतीशी रचून ठेवलेली, वाशांची मोळी बांधलेली आणि गवंडी उरलेला चौथरा फोडत होता. आई आतल्या दारात उभी होती.

"मला विचारायचंस तरी," मी म्हटलं.

"तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग पट्टी कोण कमी करणार होतं?"

शेजारी त्याच्या दारात उभा राहून बघत होता. त्याला आईनं काही सांगितलं नव्हतं, त्यानंही काही विचारलं नाही. त्या वर्षी त्यानं फळ्या दुसऱ्या आळीत नेल्या.

बिल आलं. व्यापारी वापर काढला होता, पण पडवी तशीच मोजलेली. मी पालिकेत विचारलं. बांधकाम पाडल्याचा अर्ज द्या, पाहणी होईल, फरक पुढच्या बिलात दिसेल, असं उत्तर मिळालं. मी अर्ज दिला. कमी होऊन होऊन जे कमी होणार होतं, त्याहून गवंड्याची मजुरी जास्त झाली होती. ते मी आईला बोलले नाही. तिनं ते केव्हाच जाणलं असावं.

पावसात झड थेट पुढच्या खोलीत यायला लागली. भिंतीला ओल धरली तशी मी तिला आमच्याकडं घेऊन आले. एका सकाळी पंचायतीचा माणूस वसुलीला आला. मी पैसे आणायला आत गेले तेवढ्यात आईनं त्याला गाठलं.

"माझं पेणचं घर तुमच्या पंचायतीत घेता येईल काय रे भाऊ?"

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून हसायचा थांबला. "नाय हो आजी," तो म्हणाला, "उलट आमचंच गाव कधी शहरात जाईल याची आम्हाला भीती हाय." पावती देऊन तो गेला. आई दिवसभर माडीच्या पायरीवर बसून राहिली.

गणपतीला मात्र ती पेणला जायचंच म्हणून हटून बसली. आदल्या दिवशी आम्ही शेजाऱ्याकडं गेलो. त्यानं आईसाठी नेहमीची बैठी मूर्ती बाजूला ठेवलेली होती. आईनं कनवटीची नोट काढली.

"काकी, हे काय?" तो मागं सरला. "तुमच्याकडनं पैसे घेऊ मी?"

"घे बाबा. नायतर पुन्हा मोबदला म्हणतील."

"आता कसला मोबदला, काकी? पडवीच नाय."

आई हात पुढं धरून उभी राहिली. शेवटी त्यानं नोट घेतली, कपाळाला लावली आणि रंगाच्या डब्यांकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी मूर्ती घेऊन दारात आले. पूर्वी पडवीत थांबायचं, निवांत पाय धुवायचे, ओवाळायचं. आता उंबरा थेट रस्त्यावर होता. पाऊस तिरपा येत होता, मागून येणारी मोटारसायकल हॉर्न वाजवत होती. आईचं निरांजन पुन्हा पुन्हा विझत होतं. मी मूर्तीसकट तिच्याकडं आणखी सरकले, पाठीनं पाऊस अडवला आणि तिनं घाईघाईनं, भिजल्या हातानं ओवाळून घेतलं.