हिरव्या रानाचा ताप

सुधाताई गेली हे मला काटोलच्या बागेत, फोनवर कळलं. माझी मावसबहीण. पण रडू यायच्या आधी मनात आलं… आता आपल्या रानाचं कोण सांगणार? त्या विचाराची लाज वाटली, पण आला खरा.

ताई शहरात, धरमपेठेतल्या घरी, माडीवरच्या खोलीत बसून उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल किती पाणी पितं ते शोधायची. झाडं मुळांनी पाणी ओढतात, पानांतून सोडतात, म्हणून रान थंड राहतं. पाणी मिळेनासं झालं की पानं तापतात, आणि तो ताप उपग्रहाला दिसतो. तिच्या चित्रात थंड रान निळं, तापलेलं लाल. माझ्या संत्र्यांना लागूनच सागाचं रान आहे, तेही त्यात यायचं. एकदा एप्रिलात ते लालभडक पाहून माझी पाचावर धारण बसली, तर ही पोट धरून हसली. "काहून भिऊन राहिला गा? सागाची पानं गळली, उघडी जमीन तापून राहिली. एवढंही समजत नाही तुले?" मग शेजारी बसवून तिनं मला चित्र वाचायला शिकवलं.

गेल्या दिवाळीनंतर मात्र ती हसली नाही. पाऊस चांगला झालेला, सागाला पानंच पानं, आणि चित्रात रान लाल. दुसऱ्याच दिवशी ती बागेत आली, रानात फिरली, पानं तळहातावर धरून पाहिली. "डोळ्याले हिरवं दिसते… पण खालचं पाणी गेलं वाटते. सगळे बोअर खोल खोल नेऊन राहिले. आधी हे रान, मग तुही बाग. मले भेव वाटते गा." कशालाही न भिणारी ही बाई! त्या बागेवरच आमचं घर चालतं. मला रात्री जेवण गेलं नाही.

मग तिचं दुखणं निघालं आणि पुढची चित्रं पाहायची राहूनच गेली.

परवा तिच्या खोलीत गेलो. खुर्चीवर तिची शाल तशीच. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, कॉम्प्युटर बंद केलेला नाही. नवी चित्रं आपोआप येऊन पडतात. त्यांनी ताजं चित्र उघडलं. लाल रंग रान ओलांडून माझ्या बागेत शिरला होता.

"मले तर नुसते रंग दिसतात," भाऊजी म्हणाले. "तुले काही समजते का गा?"

समजत होतं. पण हसून 'चुकलास' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.