थाळीत न पडलेली सुपारी

सुनंदाताई असगोलकरांना मी पहिल्यांदा पाहिले ते एका माडाखाली, आणि पाहिल्याबरोबर मला त्यांची काळजी वाटली. त्याला पंचवीस वर्षे होऊन गेली. गुहागरजवळच्या एका वाडीत मी राखणदार होतो. मालक मुंबईत असत. माडा-पोफळींना पाणी लावायचे, सुपारी वाळवून सोलायची, घर झाडून ठेवायचे, एवढे माझे काम. मालकांचा निरोप आला की रत्नागिरीच्या एक बाई मुलांचा सिनेमा काढायला येणार आहेत, त्यांना वाडी दाखव. बाई आल्या आणि त्यांच्या माणसांनी कॅमेरा मांडला तो नेमका विहिरीकडच्या वाकड्या माडाखाली. त्या माडाला दोन सुक्या झावळ्या लोंबत होत्या.

मी सांगितले, इथे नको. जरा वेळाने परत सांगितले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांच्यातला एक जण म्हणाला की काका, तुम्ही घरात बसून चहा घ्या. ताई मात्र उठल्या आणि मला म्हणाल्या, "मग कुठे मांडू ते तुम्हीच दाखवा." मी दाखवले. सगळे सामान उचलून तिकडे नेले, त्यात अर्धा तास गेला. खरे सांगायचे तर झावळी त्या दिवशी पडली नाही. त्या आठवड्यातही पडली नाही. आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोने, मला त्यावरून पुष्कळ ऐकवले. "आवो, कनाला लोकांना घाबरवताव? माड काय आजच पडनार हाय?" असे सगळ्यांसमोर विचारले. युनिटचे लोक हसले. ताईही हसल्या, पण त्यांनी कॅमेरा परत त्या माडाखाली नेला नाही.

माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेही अर्धे. ताईंच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ काढणाऱ्या समितीत मोठमोठे प्राध्यापक आहेत. माझे शुद्धलेखन त्यांनी सुधारावे, पान जास्त झाले तर सुरुवातीचा माडाचा मजकूर काढून टाकावा. फक्त ढवळू नावाच्या करडाबद्दल जे लिहिले आहे ते कृपा करून कापू नये. ताईंच्या कामाबद्दल लिहिणारे लोक अजून लिहितात की त्या आपल्याच सिनेमात एक करडू बांधून विसरल्या. ताई स्वतः भाषणात हसत हसत तसेच सांगतात. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे त्यांना आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे. ताईंना साठ वर्षे पूर्ण झाली, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. आता नाही लिहिले तर राहूनच जाईल, या धास्तीने मी लिहितो आहे.

तर त्या पहिल्या चित्रीकरणात संध्याकाळी ताई पडवीत येऊन बसल्या आणि विचारू लागल्या की तुम्ही दिवसभर आमचे काम पाहत होता, तुम्हाला काय काय खटकले. मी म्हणालो, सिनेमातली मुलगी दुपारी न जेवता जत्रेला निघाली, दिवेलागणीपर्यंत हसत-खेळत फिरली, तिला कोणी काही खायला दिले की नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक बांगडीवाली त्या मुलीला आपल्यातली अर्धी भाकरी देते असे चित्रित केले. सिनेमा पाहिलेले लोक अजून त्या भाकरीची आठवण काढतात.

तेव्हापासून ताईंनी पद्धतच पाडली. नवी गोष्ट लिहून झाली की त्या रत्नागिरीहून आमच्याकडे यायच्या आणि पडवीत बसून मोठ्याने वाचायच्या. माझ्यापुढे सुपाऱ्यांचा ढीग आणि एक पितळेची थाळी. गोष्टीत जिथे मला काळजी वाटेल तिथे मी काही बोलायचे नाही, फक्त एक सुपारी थाळीत टाकायची. टण आवाज झाला की ताई कागदावर पेन्सिलीने खूण करायच्या आणि पुढे वाचायच्या. पुढे त्या काळजीचा निकाल लागला की त्या स्वतः हात पुढे करून एक सुपारी थाळीतून काढून घ्यायच्या. गोष्ट संपताना थाळी रिकामी झाली पाहिजे, हा नियम. एखादी सुपारी उरली तर ताई कागद घेऊन परत जायच्या आणि पुन्हा लिहायच्या.

मी एकदा विचारले की असे कशाला, मी मुलखाचा घाबरट माणूस, माझ्यावर काय भरवसा ठेवता? तेव्हा त्या जे बोलल्या ते मी वहीत लिहून ठेवले आहे. "मुलांचा सिनेमा म्हणजे काय काका, मुलाला काळजी लावायची, पण घरी पाठवताना ती काढून घ्यायची. लावायला मला येते. काढली की नाही ते तुम्ही बघा."

हे त्या नुसते बोलत नसत. एका सिनेमात लहान मुलगी रडते असे दाखवायचे होते. मुलीला रडू येईना. एका सहायकाने तिला बाजूला नेऊन सांगितले की तुझी आई तुला सोडून निघून गेली. मूल भोकाड पसरून रडू लागले. त्याला वाटले आपण मोठे काम केले. ताईंनी काम थांबवले. आईला बोलावून मुलीला तिच्या मांडीवर दिले आणि तो दिवस तसाच सोडून दिला. सहायकाला रागावल्या नाहीत, पण त्याला त्या मुलीसमोर बसून खोटे बोललो असे कबूल करायला लावले. दुसऱ्या दिवशी तो प्रसंग त्यांनी मुलीच्या पाठीमागून घेतला. नुसते खांदे हलताना दिसतात. मुलगी त्या वेळी चिंचेची गोळी खात हसत होती, हे प्रेक्षकांना कळत नाही.

आता ढवळूचे.

सिनेमाचे नाव होते 'भरतीच्या आत घरी'. त्यातली चंद्री ओहोटीला खाडीच्या वाळूत, पुळणीवर, तिसऱ्या म्हणजे खायचे शिंपले वेचायला जाते. बरोबर तिचे पांढरे करडू, ढवळू. ते इकडे तिकडे पळू नये म्हणून ती त्याला खारफुटीतल्या कांदळाच्या खोडाला बांधते. तिसऱ्या वेचता वेचता वेळ विसरते, भरती चढते. एक होडीवाला तिला उचलून होडीत घेतो. घरी सगळा गाव गोळा होतो, आई तिला पोटाशी धरते, गोष्ट संपते.

या गोष्टीचे वाचन झाले त्या दिवशी निर्माते मुंबईहून आले होते. आधीच्या सिनेमाला माझ्या सुपाऱ्या फार पडल्या होत्या आणि लिहिणे लांबले होते. निर्माते बसता बसता गमतीने म्हणाले की काका, आज जरा हात आखडता घ्या, तुमच्या सुपाऱ्यांपायी आमचा पिक्चर वर्षभर मागे पडतो. ते चांगले गृहस्थ होते, मनात काही ठेवून बोलले नाहीत. पण मला लाज वाटली. युनिटमध्ये माझी चेष्टा होते हे मला माहीत होते, घरातही होत असे. मी ठरवले की आज आपण धीराचा माणूस व्हायचे.

चंद्री होडीत चढली आणि मी ढवळूची वाट पाहू लागलो. सुपारी हातात होती. चंद्री घरी पोचली, आईने पदराने डोके पुसले, ढवळूचे नाव नाही. मी मूठ मिटली. ताई त्याच पानावर थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"पुढे वाचू ना, काका?"

"वाचा," मी म्हणालो.

गोष्ट संपली. थाळी रिकामी होती. निर्मात्यांनी टाळी वाजवली. ताईंनी माझ्यावर विश्वास ठेवून सिनेमा काढला.

सिनेमा तयार झाल्यावर रत्नागिरीत पहिला खेळ लावला. मी आणि आमची मंडळी तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून एसटीने गेलो. बोटीत मी काठावर बसलो नाही हे सांगायला नको. सभागृह मुलांनी भरले होते. पडद्यावर आईने चंद्रीला पोटाशी धरले, सनई सुरू झाली आणि मधल्या रांगेतून एका लहान मुलीचा आवाज आला, "आई, ढवळूला कोणी सोडलं?" मोठी माणसे हसली. मग दुसऱ्या मुलाने विचारले, मग तिसऱ्याने. दिवे लागले तेव्हा दोन-तीन मुले रडत होती आणि एक आई आपल्या मुलाला समजावत होती की सोडलं असेल रे कोणीतरी. ताई पुढच्या रांगेत उठून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, याचेच मला जास्त लागले.

पुढे वर्तमानपत्रात छापून आले की दिग्दर्शिकाबाई करडू विसरल्या. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी मी ताईंच्या घरी गेलो होतो. वाचनाच्या दिवशी मुठीत राहिलेली सुपारी मी जपून ठेवली होती. ती त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितले की मला दिसले होते, मी मुद्दाम टाकली नाही. ताईंनी चहाचा कप पूर्ण संपवला. मला वाटले आता या मला जा म्हणणार.

"सुपारी तुमच्यापाशीच ठेवा," त्या म्हणाल्या. "गोष्ट मी लिहिली, त्याला बांधलं मी. सोडायला मीच जाणार."

पण जायचे कसे? चंद्रीचे काम केलेली मुलगी वर्षभरात हातभर उंच झाली होती. पावसात ती पुळणही वाहून गेली होती. पुन्हा चित्रीकरण शक्य नव्हते. तेव्हा ताई म्हणाल्या की मग चित्र काढून दाखवू. दोन मिनिटांचा तुकडा, सिनेमाच्या शेवटी जोडायचा. तोपर्यंत त्यांनी ॲनिमेशनचे काही लिहिले नव्हते. लिहून आमच्याकडे आल्या. दोन मिनिटांच्या गोष्टीला माझ्या पाच सुपाऱ्या पडल्या. करडू दावे चावून तोडते असे त्यांनी लिहिले होते. मी सुपारी टाकली, कारण सिनेमात दावे नायलॉनचे होते, ते पोटात गेले तर जनावर मरते. ताईंनी कपाळाला हात लावला. मग मीच सांगितले की चित्रीकरणात त्या पोरीने गाठ बांधली तेव्हा मी तिथे उभा होतो. करडावर तिची फार माया होती. त्याच्या गळ्याला लागू नये म्हणून तिने गाठ सैलच बांधली होती.

ताईंनी लगेच पेन्सिल उचलली. तो तुकडा असा झाला: पाणी चढते, ढवळू मान मागे ओढतो, सैल गाठीतून डोके बाहेर येते, तो पोहत काठाला लागतो आणि चंद्रीच्या आधी घरी जाऊन दारात उभा राहतो. चंद्रीच्या मायेनेच तो सुटला. हा तुकडा जोडून सिनेमा शाळाशाळांत फिरला. मुलांनी ढवळूच्या आणखी गोष्टी मागितल्या. त्यातून ताईंनी ढवळूची मालिका लिहिली, मग दुसरी, मग तिसरी. आज त्यांना ॲनिमेशनच्या लेखिका म्हणून सगळीकडे ओळखतात, त्याची सुरुवात ही अशी आहे. चित्रे काढणारी मंडळी दूरच्या शहरातली. त्यांनी खाडीकाठी खजुराची झाडे काढून पाठवली, तेव्हा ताईंनी त्या सगळ्यांना इथे आणून गुडघाभर चिखलात कांदळापाशी उभे केले.

चुकीतून हे चांगले निघाले म्हणून माझी चूक लहान होत नाही. ताईंनी ती पंधरा-सोळा वर्षे आपल्या अंगावर घेतली, माझे नाव एकदाही निघू दिले नाही, आणि पुढच्या प्रत्येक वाचनाला थाळी माझ्याचपुढे ठेवली.

आमच्या मंडळींचे ऑपरेशन रत्नागिरीला झाले तेव्हा मी भीतीने डॉक्टरांना काही विचारूच शकत नव्हतो. ताई आल्या, माझ्या शेजारी बाकावर बसल्या आणि मला काय काय वाटते ते एकेक विचारून कागदावर लिहिले. एकवीस प्रश्न झाले. मग डॉक्टरांकडे जाऊन प्रत्येकाचे उत्तर लिहून आणले आणि मला वाचून दाखवले. मंडळी आता ठणठणीत आहेत आणि मला बोलायला मोकळ्या आहेत.

गेल्या महिन्यात ताई नवी गोष्ट घेऊन आल्या होत्या. मला आता कमी ऐकू येते, म्हणून जवळ सरकून बसल्या. कागद उघडण्याआधी म्हणाल्या, "काका, ही शेवटची हं. साठ झाली, आता बास."

मी सुपारी थाळीत टाकली.

"अजून वाचायला सुरुवात केली नाही मी."

"ऐकलं मी," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे पाहिले, मग पेन्सिल घेऊन कोऱ्या कागदाच्या अगदी वरती खूण केली आणि वाचू लागल्या. गोष्ट छान आहे. मधल्या सगळ्या सुपाऱ्या त्यांनी एकेक करून काढून घेतल्या. ती पहिली तेवढी राहिली. जाताना त्यांनी थाळीकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही.

ताईंना उत्तम आरोग्य मिळो, त्यांचे डोळे, गुडघे आणि आवाज पुष्कळ वर्षे चांगला राहो, त्यांनी उन्हाचे डोक्यावर काही घेतल्याशिवाय बाहेर पडू नये आणि वाकड्या माडाखाली तर मुळीच उभे राहू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुपारी मी थाळीतच ठेवली आहे. थाळी पडवीत आहे. नियम त्यांचाच आहे, त्यामुळे पुढची गोष्ट घेऊन त्यांना यावेच लागेल.

दत्ताराम मांडवकर