थांबणाऱ्यांचा बाक

सल्लाकेंद्रात तिला सगळे समेटबाई म्हणत. ती स्वतः नवऱ्याला सोडून आलेली. नणंदेनं एकदा चार पाहुण्यांत टोमणा मारला होता, "स्वतःचा मोडला, आणि लोकांचे संसार जोडायला निघालीय!" समेटबाईनं ताटावरून नजरही न उचलता म्हटलं, "मोडतो कुठून ते मला ठाऊक आहे, वन्सं. म्हणून तर मला बोलावतात."

गेल्या वर्षी विद्यापीठातून एक संशोधक मुलगी आली. केंद्रातल्या बैठकांनी भांडणारी जोडपी खरंच सावरतात का, हे तिला तपासायचं होतं. सावरतात असं दिसलं, तर आणखी गावांत केंद्रं निघणार होती. नाहीतर हेही बंद. आलेल्या जोडप्यांपैकी निम्म्यांना लगेच बैठका, निम्म्यांनी काही महिने थांबायचं, मग तुलना. कोण थांबणार ते चिठ्ठीवर. मारहाणीची प्रकरणं यात धरायची नाहीत, एवढी एकच अट घालून समेटबाईनं होकार दिला.

थांबायची चिठ्ठी निघालेलं पहिलंच जोडपं बाकावरून उठेना. बायको पदरात तोंड खुपसून बसलेली, नवरा गवंडी, नखानं भिंतीचा पोपडा उकरत होता.

"अहो गवंडी, निदान आमची भिंत तरी सोडा," म्हणत समेटबाई त्यांच्या शेजारी टेकली. बैठक कसली, नुसता चहा. पण चहा संपेपर्यंत बायको काय बोलते ते त्यानं मधे न तोडता ऐकलं होतं. पुढं थांबणाऱ्या प्रत्येक जोडप्याला तिनं असाच चहा पाजला.

अखेर संशोधक मुलगी तोंड पाडून आली. "ताई, फरकच दिसत नाही. थांबलेलेही तितकेच सावरलेत. म्हणजे तुमच्या बैठकांचा उपयोग शून्य."

"थांबलं होतं कोण? सगळ्यांशी मी बाकावर बोलत होते."

मुलीनं चष्मा काढला. "माझी मेहनत पाण्यात घातलीत! आणि ज्या गावांत केंद्रच नाही, तिथल्यांनी कुठल्या बाकावर बसायचं? त्यांच्यासाठीच चाललं होतं ना हे?"

हे मात्र समेटबाईला लागलं.

"तुझ्यापासून लपवलं ते चुकलंच. लिही तसं, माझ्या नावानिशी. पण दारात आलेल्याला मी परत धाडणार नाही. केंद्राला कुलूप लागलं तर बाक फुटपाथवर टाकीन."

"मग मी मोजू कसं?"

"ते तुझं डोकं. फक्त कुणाला तिष्ठत ठेवून मोजू नकोस."

मुलगी बराच वेळ पेनाचं टोपण चावत राहिली. "निम्म्यांना पुरत्या बैठका, निम्म्यांना नुसता बाकावरचा चहा. कुणीच थांबणार नाही. पण चहाच पुरेसा ठरला तर?"

"तर मी आयुष्यभर उगाच लांबण लावली, असं छाप."

"केंद्राचे साहेब दुसऱ्या पाहणीला परवानगी देणार नाहीत, ताई. तुम्हाला काढूनही टाकतील."

"चल, विचारूनच येऊ."

शिपाई दारात आडवा आला. "साहेब जेवतायत."

"उत्तम! तोंड भरलेलं असलं की माणूस मधे बोलत नाही," समेटबाई म्हणाली, आणि मुलीचा हात धरून तिनं दार ढकललं.