आता बरं दिसतंय, की मघाशी?

माझा काका चष्मे करतो. दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाशी?" गिऱ्हाईक कंटाळेल, पण हा बाबा कंटाळणार नाही. भिंतीवरची शेवटची बारीक ओळ वाचल्याशिवाय कुणाला खुर्चीतून उठू देईल तर शपथ!

आणि संध्याकाळी दुकान आवरलं, की हाच माणूस फुटपाथवर दुर्बीण लावतो. फुकट! आकाश फक्त शिकल्यासवरल्यांनी बघायचं, हे त्याला मुळी मान्यच नाही. खोकल्याचं औषध घेऊन घरी निघालेल्यालाही तो हाताला धरून आणतो. "या, शनी बघून जा. लुकलुकत नाही ना? म्हणजे तारा नाही, ग्रह आहे. तुम्ही पिशवी घेऊन बाजाराला निघालात ना, साधारण तेव्हा हा उजेड तिथून निघालाय." लोक हसतात, डोळा लावतात, "वा! काय सुंदर!" म्हणतात आणि वाटेला लागतात. त्या एका "वा"वर काकाला जेवण गोड लागतं.

मलाही तो शनी भारी आवडायचा. त्याच्याभोवतीचं कडं इतकं स्वच्छ दिसायचं, की उचलून हातात घालावं.

परवा मात्र घोळ झाला. वाळूचा ट्रक धुरळा उडवत गेला, म्हणून काकाने दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावलं आणि गप्पांच्या नादात ते काढायचंच राहिलं. मग न्हावी आला, "वा!" शिंपीणबाई आल्या, "अगंबाई, किती गोड!" औषधवाले तर चक्क म्हणाले, "कडं काय झकास दिसतंय!" माझं लक्ष झाकणाकडे गेलं आणि मला असं हसू फुटलं, की मी बोट दाखवूनच मोकळी झाले. काय करणार, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

काकाचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे इतकी वर्षं लोक नुसतं माझं मन राखत होते?" तो दुर्बिणीचे पाय मिटायला लागला. "उद्यापासून बंद. देऊन टाकतो कुणाला तरी." मला इतकं वाईट वाटलं, की हसू कुठल्या कुठे पळालं.

काकू शटर ओढून बाहेर आली. "अहो, लोक काय करतील? मला तरी कुठे काय दिसतं? नुसता पिवळट गोळा, पिंजलेल्या कापसासारखा. तुम्ही एवढ्या हौसेने दाखवता, म्हणून मी आपली म्हणते, दिसलं."

"काहीतरीच काय! हिला बरं दिसतं!" काकाने मला पुढे केलं.

काकूने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, मग काकाच्या. दोन्ही बाटलीच्या बुडासारखे जाड, आमच्या घराण्याची देणगी. "हिचा नंबर तुमच्याइतकाच ना? आणि दुर्बिणीला डोळा लावताना दोघंही चष्मा काढता."

काकाने कपाळावर हात मारला. फोकस लावायचा स्वतःच्या उघड्या डोळ्याला, वर स्क्रू आवळून जगाला दम द्यायचा, "हात लावाल तर याद राखा!" दिवसभर ज्याला त्याला ज्याचा त्याचा नंबर काढून देणारा हा गृहस्थ संध्याकाळी अख्ख्या गल्लीला स्वतःचाच नंबर वाटत होता!

त्याने दुर्बीण पुन्हा उभी केली, काकूला स्टुलावर बसवलं आणि स्क्रू सैल केला.

"आता बरं दिसतंय, की मघाशी?"

"मघाशी."

"आता?"

"हं, जरा बरं."

"आता?"

काकू आणखी पुढे वाकली. "झाकण काढलंय ना?" मागून न्हावी कुजबुजला.

"खरं सांग हं," काका म्हणाला. "माझं मन राखू नकोस."

"अय्या!" काकू डोळा न हलवता म्हणाली. "खरंच कडं आहे की हो!" मग जरा वेळाने, अगदी हळू आवाजात, "आणि एवढी वर्षं हे तुम्ही एकटेच बघत होतात?"

काका चष्मा पुसत उभा राहिला. मागे रांग वाढत होती आणि काकू काही स्टुलावरून उठत नव्हती.